बाहुलीला जे जमत नाही, तोच तुमचा पुरावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: बाहुल्यांच्या थिएटरात घडणारी विनोदी फॅन्टसी रहस्यकथा लिहायला घेतलीय, रात्री बाहुल्या जिवंत होतात, खेळाच्या आदल्या रात्री राजाच्या बाहुलीचं डोकं गायब होतं आणि विदूषक तपास करतो. पण विनोद ओढूनताणून वाटतो, आणि शेवट 'ती जादू होती' असा झाला की वाचणारे चिडतात. काय करावं?

चिडणारच ना. मी २५ वर्षं बाहुल्या नाचवतेय (त्यातली निम्मी गुंतलेल्या दोऱ्या सोडवण्यात गेली), मुलांच्या खेळांसाठी चोर-पोलीस छाप संहिताही बऱ्याच लिहिल्यात, आणि तुमच्यासारखी माती मी स्वतः खाल्लेली आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

तुमचा घोळ शेवटात नाहीये, पहिल्या पानावर आहे. तुमच्या बाहुल्या जिवंत झाल्या की थेट माणसं होतात. पळतात, जिना चढतात, कुलपं उघडतात, एकमेकांच्या कानाखाली काढतात. मग बाहुल्या हव्यात कशाला, नाटक कंपनीतले नट घ्या की. नियम एकच ठेवा: जीव आला तरी बाहुलीने बाहुलीच राहायचं, जो अवयव दिवसा हलत नाही तो रात्रीही हलणार नाही. एवढा एक नियम कडक पाळलात की विनोद वेगळा शोधावा लागत नाही, आणि पुरावेही आपोआप हाताला लागतात.

तुमचा विदूषकच घ्या. तुम्ही लिहिलंय तो हातमोज्याची बाहुली आहे, आणि दुसऱ्याच परिच्छेदात तो टेबलाखाली वाकून ठसे बघतोय. कशाने वाकतोय? हातमोज्याच्या बाहुलीला कंबरेखाली काही नसतं. तर्जनी डोक्यात, अंगठा आणि मधलं बोट दोन हातांत, आणि खाली नुसतं फडकं. आत हात नसेल तर आख्खा डिटेक्टिव्ह धुतलेल्या रुमालासारखा पडून राहणार. म्हणून रात्री त्याच्या आत कोणीतरी शिरायला हवं. मी तुमच्या जागी असते तर थिएटरातला उंदीर शिरवला असता. उंदीर त्याला घेऊन फिरतो, पण उंदराला तपासाशी काही देणंघेणं नाही, त्याचं नाक नेईल तिकडे तो जाणार. विदूषक राणीला अगदी नाजूक प्रश्न विचारतोय, उत्तर आता येणारच, आणि उंदराला कोपऱ्यात काहीतरी खुडबुडलेलं ऐकू येतं. साहेब प्रश्न अर्धा टाकून तरातरा कोपऱ्यात. दर वेळी. शिवाय उंदीर दोऱ्या कुरतडतो, म्हणजे चुकीच्या दिशेला नेणारा एक पुरावा फुकटात मिळाला.

आता संशयित. प्रत्येकाला स्वभाव द्यायच्या आधी त्याची रचना ठरवा, कारण बाहुल्यांचा स्वभाव बहुतेक वेळा रचनेतूनच येतो.

इटलीच्या सिसिली बेटावर लोखंडी सळयांवर नाचवायच्या चिलखती योद्ध्यांच्या बाहुल्या असतात, तिथल्या पालेर्मो शहराची पद्धत वेगळी आणि कातानिया शहराची वेगळी. पालेर्मोच्या योद्ध्याचे गुडघे वाकतात आणि तो म्यानातून तलवार उपसू शकतो, पुन्हा ठेवूही शकतो. कातानियाचा आकाराने बराच मोठा आणि जड, त्याचे गुडघे ताठ आणि तलवार मुठीत कायमची पक्की. तुमचा सरदार या दुसऱ्या जातीचा करा बघू. शूर आहे म्हणून तलवार उपसून उभा नाही, बिचाऱ्याला ती ठेवताच येत नाही. झोपतानाही हातात तलवार, कोणाला मिठी मारायची तर समोरचा आधी दहा पावलं मागे. आणि त्याच्यावर चोरीचा आळ आला की बचाव तयार आहे, मूठ रिकामीच नाही तर डोकं उचललं कशाने?

राणी दोऱ्यांवरची. साध्या कळसूत्री बाहुलीला साधारण नऊ दोऱ्या धरा, डोक्याला दोन, खांद्यांना दोन, हातांना दोन, गुडघ्यांना दोन आणि पाठीला एक. ती वाकेल, बसेल, तरंगत येईल, पण टेबलावरची साधी चिठ्ठी उचल म्हटलं तर तिला वेगळी दोरी लावावी लागते. याउलट हातमोज्याच्या बाहुलीचे दोन हात माणसाच्या बोटांवर असल्याने वस्तू पकडण्यात तिच्यासारखं कोणी नाही, काठी घेईल, टोपी उडवेल, एकमेकांना बडवेल. हे नीट बघा म्हणजे तुमच्या कथेत काय मस्त पेच तयार होतो ते दिसेल. राजाचं डोकं खिळ्यावरून उचलायला पकड लागते, पकड फक्त हातमोज्याच्या बाहुलीला आहे, आणि थिएटरात हातमोज्याची बाहुली एकच, ती तपास करतेय. डिटेक्टिव्हने स्वतःच्या हुशारीने सगळ्यांना निर्दोष ठरवत ठरवत शेवटी स्वतःलाच पकडायचं. हा प्रसंग बरोबर मध्यावर ठेवा.

जपानच्या बुनराकूतली (तिथलं पारंपरिक बाहुलीनाट्य) बाहुली पाहुणी म्हणून आणायची असेल तर आणाच. तिथे मोठ्या पात्रामागे तीन माणसं असतात, मुख्य कलाकार डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. ती रात्री जिवंत झाली तर माझ्या मते तिची तीन मतं असणार. डोकं शपथ घेतंय मी चोरी केली नाही आणि डावा हात हळूच काहीतरी लपवतोय. अटक कोणाला करायची, फक्त डाव्या हाताला? शिवाय तिथल्या स्त्री-बाहुल्यांना सहसा पायच नसतात, किमोनोची कड अशी हलवतात की पाऊल टाकल्यासारखं वाटतं. म्हणजे धुळीत बायकी पाऊल उमटलेलं दिसलं तर ते नक्की तिचं नाही. व्हिएतनामच्या पाण्यावरच्या बाहुल्यांचे कलाकार पडद्यामागे कंबरभर पाण्यात उभे राहतात, तिथे तपास सोपा, कंबरेखाली ओला तो आपला माणूस.

एक चूक मात्र करू नका, फार जण करतात. जावामधल्या छायाबाहुल्यांच्या खेळात दलांग नावाचा एकच माणूस रात्रभर बसून सगळ्या बाहुल्या हलवतो आणि सगळ्यांचे आवाजही तोच काढतो. अशा ठिकाणी खून पाडायचा झालाच तर दलांगचा पाडू नका, सगळे संशयित एका दमात मुके होतात आणि जबाब घ्यायला कोणी उरत नाही.

पंचचा खेळ, म्हणजे इंग्रजांचा तो बायकोला आणि पोलिसाला बडवणारा भांडखोर बाहुला, ठाऊक असेलच. १६६२ च्या मे महिन्यात सॅम्युअल पेप्सने लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये एका इटालियन कलाकाराचा खेळ बघून रोजनिशीत नोंद केली, तेव्हा पंच दोऱ्यांवरचा होता, हातमोज्यावर नंतर आला. आणि हातावर आल्यावर गंमत अशी झाली की खेळवणारा एकटा, त्याला हात दोन, पंच बहुतेक सगळा वेळ उजव्या हातावर आणि बाकीचे सगळे आळीपाळीने डाव्या हातावर. म्हणजे पंचची बायको आणि पोलीस हे दोघं खेळात कधी समोरासमोर आलेच नाहीत. कोणी म्हणालं की मी त्या दोघांना बोलताना पाहिलं, तर तो खोटारडा. माणसांच्या रहस्यकथेत असली पक्की साक्ष मिळवायला चार पानं खर्ची पडतात.

दोऱ्यांच्या पिळाबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण हा पुरावा मी अजून कोणी वापरलेला पाहिला नाही आणि मला तो स्वतःच्या फजितीतून मिळाला. एका खेळात माझी परी आणि मदतनीसाचा शिकारी असे दोघं रंगमंचावर होते. खेळ संपला, बाहुल्या वर घेतो तर दोघांच्या दोऱ्यांची वेणी. मदतनीस म्हणतो माझा शिकारी जागचा हललाच नाही. मी म्हणते परी हलली नाही. दोघंही ठाम. मग आमच्या एका जुन्या जाणत्या बाईंनी कंट्रोलच्या फळ्या (दोऱ्यांची वरची टोकं ज्यांना बांधतात त्या) वर धरायला लावल्या, पीळ मोजले, दीड होते, कुठल्या बाजूला वळलेत ते बघितलं आणि शांतपणे सांगितलं की तिसऱ्या गाण्यात शिकारी परीला उजवीकडून दीड फेरी मारून गेलाय. मदतनीस गप्प. कारण एक बाहुली दुसरीभोवती फिरली आणि वर फळ्या हातातून हातात बदलल्या नाहीत तर जितक्या फेऱ्या तितके पीळ, आणि ज्या बाजूने फिरली त्याच बाजूचा पीळ. दोरीला खोटं बोलता येत नाही. तुमच्या कथेत तर रात्री वर फळ्या बदलायला कोणी नसतंच, तेव्हा पीळ पडणारच.

तर तुमची राणी म्हणते मी रात्रभर खुंटीवर लटकून होते. विदूषकाला तिच्या आणि सरदाराच्या दोऱ्यांमध्ये चार पीळ दिसतात. (सरदार सळईवरचा असला तरी हाताला एक दोरी असते, तीत अडकू दे.) वाचक म्हणतो, सापडले! पण पीळ दोन उजवे आणि मग दोन डावे असे असते तर सुटून गेले असते, राहिले आहेत ते सगळे एकाच बाजूचे. चोरी करायला कोणी एकाच बाजूने चार गिरक्या घेत नाही. ती दोघं नाचत होती. तलवार हातात घेऊन, दहा पावलांवरून. याच्यावर अख्खं एक प्रकरण होईल, आणि वाचकाला चुकीच्या वाटेला लावल्याबद्दल तो तुम्हाला शिव्याही देणार नाही.

रात्री दोऱ्या वर कोण धरतं, हे विचारतील. उत्तर देऊ नका. दोऱ्या वर अंधारात जातात आणि वर बघणं बाहुल्यांमध्ये असभ्य समजतात, इतकंच लिहा आणि पुढे चला. फॅन्टसीत एक दार बंद ठेवलेलं चालतं, फक्त गुन्ह्याचा उलगडा त्या दारातून आणायचा नाही.

आता साक्षीदार. राजस्थानच्या कठपुतळीत बाहुली नाचवणारा तोंडात बोली ठेवतो, बांबू आणि चामड्याची छोटी शिट्टी, त्यातून बाहुलीचा आवाज चिरका शिट्टीसारखा येतो, आणि ढोलक वाजवणारी व्यक्ती त्या शिट्टीचा अर्थ प्रेक्षकांना सांगते. पंचवाल्याच्याही तोंडात अशीच एक चीज असते. म्हणजे साक्ष एकाची आणि शब्द दुसऱ्याचे! दुभाष्या खोटं बोलला तर? छोट्या शिट्टीचं लांबलचक भाषांतर हा विनोद जुना झाला, तो टाळा. त्यापेक्षा हे बघा, शिट्टीत व्यंजनं जातात पण ठेका राहतो. नर्तकी शिट्टी मारते, 'पीं-पीं-पीं'. दुभाष्या सांगतो, "ती सांगते, सरदाराने." सर-दा-रा-ने, चार ठोके. शिट्टी तर तीनदाच वाजली. रा-णी-ने. तुम्ही काहीही न बोलता तीनदा 'पीं' छापायचं आणि पुढे जायचं, मोजणारा वाचक मोजेल.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, खरं तर याच्यासाठीच एवढं टाइप करतेय. बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा ओठ न हलवता बोलतो. त्याला सगळी अक्षरं जमतात, अडतात ती ओठांची, प फ ब भ म. ओठ मिटल्याशिवाय ती निघतच नाहीत, मग तो त्यांच्या जागी जिभेने जवळचा आवाज काढतो, 'म'च्या जागी 'न'सारखं काहीतरी, 'ब'च्या जागी 'ग' किंवा 'ड'कडे झुकलेलं, आणि इतक्या सफाईने की कान स्वतःच दुरुस्त करून घेतो. शिकताना कित्येक महिने फक्त या पाच अक्षरांवर जातात.

तुमच्या कथेत नियम असा करा: ज्या बाहुलीचे ओठ लाकडात कोरलेले आहेत तिला ही पाच अक्षरं नाहीत. बनवाबनवी पण नाही, नाहीत म्हणजे नाहीत. आख्ख्या थिएटरात ओठ-जबडा हलणारा एकच, सूटकेसमध्ये राहणारा बोलका बाहुला, त्याला आपण छोटू म्हणू. बाकी सगळे आयुष्यभर प फ ब भ म टाळून बोलतायत. मुकुट म्हणता येत नाही, 'राजाच्या डोक्यावरचं ते सोन्याचं' म्हणावं लागतं. बाहुली म्हणता येत नाही. आणि जरा थांबून विचार करा, मराठीत 'मी' म्हणता येत नाही. 'आम्ही' नाही, 'आपण' पण नाही. राजा आहे, ३० वर्षं प्रमुख भूमिका करतोय, दिवसा त्याच्या नावाने पडद्यामागचा माणूस गर्जतो की मी या राज्याचा स्वामी, आणि रात्री याला स्वतःच्या तोंडाने 'मी' एवढंसुद्धा उच्चारता येत नाही. आणि तिकडे तो फडतूस छोटू उठता बसता मी मी मी करतोय.

मिळाला की नाही हेतू? आणि तोही रचनेतूनच आला.

डोकं कोणी चोरलंच नाही. उचलायची पकड विदूषकाशिवाय कोणाला नव्हती आणि विदूषक त्या रात्री उंदराच्या कृपेने भलतीकडे होता. मग उरलं काय? डोकं गोल असतं. खिळ्यावरून स्वतःच घरंगळलं, सूटकेसपर्यंत गेलं आणि छोटूच्या पोकळ अंगात घुसलं, कारण आत जबड्याचा लिव्हर असतो. राजेसाहेब नाकाने तो लिव्हर दाबतायत (नाकाचा रंग खरवडला जातो, सूटकेसच्या कडेला सोनेरी भुकटी पडते, ती दुसऱ्याच पानावर दाखवून ठेवा). छोटूचं स्वतःचं डोकं काठीवर असतं, ते वर तसंच, त्याला मुकुटाची लाच दिलीय म्हणून तो गप्प. जबडा हलतोय छोटूचा, बोलतोय राजा. आणि गोची ही की जबडा मिळाला तरी ओठ त्याचे लाकडीच.

जबाब साधारण असा लिहा. विदूषक आणि उंदीर सूटकेससमोर:

"काल रात्री तू कुठे होतास?"

"इथेच. सूटकेसच्या आत."

"राजाचं डोकं दिसलं?"

"डोकं? राजाला डोकं होतं कधी?"

"नीट सांग. झाकण कोणी लावलं?"

"राणीने. रोज तीच लावते."

"राणीच्या हाताला दोऱ्या. झाकण जड आहे."

"तर सरदाराने लावलं असेल."

"सरदाराच्या हातात तलवार असते, ती सुटत नाही. झाकण कशाने लावणार, दाताने?"

"हो, दातानेच!" छोटूचा जबडा खटाखट वाजला. उंदराने एवढ्यात कोपऱ्याकडे धूम ठोकली आणि विदूषक पुढचा प्रश्न हवेतच विचारत निघून गेला.

पुन्हा वाचा. छोटूच्या बोलण्यात एकही 'मी' नाही, एकही ओठाचं अक्षर नाही. विदूषकाच्या बोलण्यातही नाही, पण त्याचं कधीच नसतं. पहिल्या पानावर याच छोटूला "मामा मामा, मी बघा, माझा भोपू बघा, बाप रे बाप!" असं बोंबलायला लावायचं, नुसती शायनिंग, कारण त्याला येतं आणि इतरांना येत नाही. वाचक हसून पुढे जाईल. उलगडा झाल्यावर तोच वाचक मागे येऊन जबाब बोट ठेवून तपासेल आणि मनातल्या मनात तुम्हाला सलाम ठोकेल. जादू पूर्ण आहे, बाहुल्या जिवंत आहेत, डोकं बोलतंय, तरीसुद्धा 'जादूने झालं' म्हणायला कुठे जागा नाही.

विदूषकाने राजाला कसं पकडायचं हे तुम्ही ठरवा, मी असते तर फार काही केलं नसतं. छोटूला एवढंच विचारलं असतं, "तुझं नाव सांगू नकोस, तू कोण ते सांग." आणि सूटकेसमधून काहीच उत्तर आलं नसतं.

आता लिहिण्याची कटकट. पात्रांची नावं ओठांच्या अक्षरांशिवाय ठेवा, राजा, राणी, सरदार, नर्तकी चालतात, म्हणून तर ही निवडली. प्रधान, भालदार, बेगम काढून टाका, त्यांना कोणी हाकच मारू शकणार नाही. (विदूषकातला 'व' कडेला आहे, तो निभावून जातो, त्याच्यावर वाद घालू नका.) निवेदनाला ही अट नाही, फक्त अवतरणचिन्हांच्या आत. आणि नियम उघड करून सांगायचा नाही, निदान निम्मी कथा होईपर्यंत तरी, कोणीतरी मुकुट न म्हणता 'ते सोन्याचं' म्हणतंय आणि छोटू त्याला हसतोय एवढ्यावर भागवा. ड्राफ्ट झाला की प्रिंट काढा, लाल पेन घ्या आणि संवादातले सगळे प फ ब भ म गोल करा. 'पण' सगळ्यात छळतो, दर दुसऱ्या वाक्यात येतो, त्याच्या जागी 'तरी' किंवा वाक्य तोडून टाका. मी असाच एक तीन पानी प्रवेश लिहिला होता, पाच वेळा तपासला, घरच्यांना वाचायला दिला, सगळं चोख. तालमीत पहिल्याच वाक्याला एक नऊ वर्षांची पोरगी उठून म्हणाली, ताई, विदूषक 'म्हणजे' म्हणाला.